मदत हवी आहे: परात घरी घुमते, स्टेजवर टाचणीसारखी वाजते

परातवाली

नमस्कार मंडळी, वर्षानुवर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही तिघं घरातल्या वस्तूंवर वाजवतो. गंमत म्हणून सुरू झालं होतं, आता वीसेक मिनिटांचा सेट बसलाय. एक मोठी स्टीलची परात, तिच्यात तांब्याभर पाणी, ठोकली आणि लगेच कलती केली की सूर जागच्या जागी वाकतो. एक उलटी ठेवलेली सायकल, तिच्या स्पोकवर व्हायोलिनचा गज फिरवायचा (ही आयडिया आमची नाही, फ्रँक झप्पा या अमेरिकन संगीतकाराने १९६३ मध्ये अमेरिकन टीव्हीवर सायकल वाजवली होती, तिथून ढापलीय). दोरीला टांगलेले पाच पाने, म्हणजे नट फिरवायचे ते. आणि पीव्हीसीचे सात पाइप जे आम्ही चपलेने वाजवतो. हो, चपलेनेच. घरच्यांचं यावर काय मत आहे ते विचारू नका.

आता रडगाणं. परातीला २७ मिमीचा पिझो (तो पितळी चकतीवाला कॉन्टॅक्ट माइक, वस्तूला चिकटवून तिची थरथर पकडणारा) तळाच्या बरोब्बर मधोमध चिकटवलाय, वायर थेट मिक्सरच्या लाइन इनमध्ये. घरी नुसत्या कानाने ऐकताना परात अशी घुमते की वाजवणारा चहा पिऊन आला तरी चालू असेल, आणि स्पीकरमधून येतं काय तर टिक टिक टिक, कोणीतरी फरशीवर टाचण्या सांडतंय असं. बेस वाढवला तर नुसती घूं, परात त्यात नाहीच. मागच्या कार्यक्रमात साउंडवाल्याने तर "मॅडम माइक बिघडलाय" म्हणून चॅनलच बंद करून टाकला, आणि मी पुढची चार मिनिटं मुक्या परातीवर जीव तोडून वाजवत होते.

दुसरं, पाइप. एकच पाइप कधी खालचा सा देतो कधी वरचा, आणि वरचाही नीट लागत नाही, किंचित उतरलेला. पाइप तोच, चप्पल तीच, हात पण माझाच.

तिसरं टेक्निकल नाहीये. लोक हसतात. सुरुवातीला हसले तर ठीक आहे पण शेवटपर्यंत हसतात. यावर काही उपाय असतो का?

सोल्डरबाबा

माइक बिघडलेला नाही, चुकीच्या भोकात खुपसलाय. पिझो म्हणजे विजेच्या भाषेत एक छोटा कपॅसिटर, तुमच्या साइजचा असेल तर साधारण २० नॅनोफॅरडचा. लाइन इनचा रोध साधारण १० किलोओहम असतो. या दोघांची जोडी जमली की आपोआप एक फिल्टर तयार होतो आणि तो ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं हळूहळू कापत नेतो. परातीची खरी घुमार त्याच्याच खाली आहे, म्हणून तुम्हाला फक्त टाचण्या मिळतायत. मिक्सरच्या इक्यूने (बेस-ट्रेबलची बटणं) बेस वाढवून उपयोग नाही, जे आत आलंच नाही ते वाढवणार काय, वाढतो तो हम, म्हणजे तुमची ती घूं.

हाच पिझो १ मेगाओहमच्या इनपुटला लावा, तोच हिशोब ८ हर्ट्झवर येतो, म्हणजे काहीच कापलं जात नाही. गिटारसाठी जे इन्स्ट्रुमेंट किंवा हाय-झी लिहिलेलं इनपुट असतं ते हेच. ते नसेल तर अॅक्टिव्ह डीआय बॉक्स (वाद्य आणि मिक्सर यांच्या मध्ये लावायची डबी), सोल्डरिंगला हात चालत असेल तर एका फेटचा (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) बफर, म्हणजे तेच काम करणारं छोटं सर्किट, स्वतः बनवा. पिझोपासून तिथपर्यंतची वायर शिल्डवाली आणि जमेल तेवढी आखूड ठेवा.

आणि तो मधोमध का चिकटवलाय? सगळे तेच करतात. गोल तळ थरथरतो तेव्हा त्याच्या बऱ्याचशा कंपनांमध्ये मध्यबिंदू जागचा हलतच नाही, तिथे बसून तुम्ही अर्धी परात ऐकतच नाही आहात. मध्य आणि काठ यांच्या मध्ये कुठेतरी चिकटवा, पातळ दुहेरी टेपने. फोमवाली टेप नको, ती आवाज खाते.

खर्जातला

पाइपचं मी सांगतो, या पापातून मीही गेलोय. चूक चपलेची नाही, चप्पल उचलण्याची आहे. मारल्यावर चप्पल क्षणभर तोंडावर टेकून राहिली तर पाइप एका बाजूने बंद, मग त्यात लहरीचा पाव भाग मावतो. झटकन उचलली तर दोन्ही तोंडं उघडी, अर्धी लहर, म्हणजे सप्तक वर. शिवाय उघड्या तोंडापाशी हवेचा खांब पाइपच्या थोडा बाहेर डोकावतो, त्रिज्येच्या सुमारे ०.६ पट. एका तोंडाला एकदा आणि दोन तोंडांना दोनदा, म्हणून ते सप्तक पुरं भरत नाही. उदाहरणार्थ ६५ सेंमी लांब आणि ५ सेंमी रुंद पाइप घ्या. टेकवून मारलात तर सुमारे १२९ हर्ट्झ, उचलून मारलात तर २५८ यायला हवेत पण येतात २५२. तुमचा कान बरोबर आहे, वरचा सा खरंच उतरलेला आहे!

तेव्हा तिघांनी मिळून एकच पद्धत ठरवा आणि त्याच पद्धतीने पाइप लावा. कापताना थोडा लांबच कापा, मग पॉलिश पेपरने घासत घासत सुरावर आणा. आखूड झाला तर रडू नका, तोंडावर सरकणारी बाही चढवा. अजून एक, हवा १० अंशांनी तापली की पाइपचा सूर साधारण ३० सेंट चढतो, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश सेमीटोन (पेटीवरच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर). पाने मात्र जागचे फारसे हलत नाहीत. म्हणून पाइप स्टेजचे लाइट लागल्यावर तपासा, घरी नाही.

पाने टोकाच्या भोकातून टांगलेत का हो? टोक सगळ्यात जास्त हलतं, तिथेच दोरी बांधली की गळा दाबल्यासारखं होतं. सरळ पट्टी असेल तर दोन्ही टोकांपासून लांबीच्या २२ टक्क्यांवर दोऱ्या बांधा. पान्याचं एक डोकं जड असतं त्यामुळे थोडं इकडेतिकडे होईल, दोन बोटांत हलकं धरून ठोकत बघा, जिथे सगळ्यात जास्त वेळ वाजतो ती जागा.

मागची रांग

हसण्याबद्दल. जॉन केज हा अमेरिकन संगीतकार जानेवारी १९६० मध्ये अमेरिकन टीव्हीच्या एका गेम शोमध्ये बाथटब, प्रेशर कुकर, बर्फ, रबरी बदक आणि पाच रेडिओ घेऊन वाजवायला आला होता. सूत्रसंचालकाने आधीच बजावलं की लोक हसतील, तर हा म्हणाला चालेल, रडण्यापेक्षा हसलेलं बरं. रेडिओंचा प्लग कुठल्या युनियनच्या माणसाने लावायचा यावर भांडण होतं म्हणून ते सुरूच करता आले नाहीत, मग गडी प्रत्येक रेडिओच्या पाळीला त्याला चापट मारायचा आणि बंद करायच्या जागी ढकलून टेबलावरून पाडायचा. लोक पोट धरून हसत होते. पण हातात स्टॉपवॉच होतं, प्रत्येक हालचाल तिच्या सेकंदाला, आणि स्वतः एकदाही लोकांकडे बघून "कसं काय" असं केलं नाही.

माझा अंदाज असा की तुम्ही तिघं मनातून थोडे ओशाळलेले आहात आणि ते दिसतं. चप्पल उचलताना तुम्हीच आधी हसता ना? आणि सेट पाइपने सुरू होत असेल तर तो शेवटी टाका. परात आधी, एकटी, चार मिनिटं, बाकीच्यांनी हलायचं नाही.

परातवाली

मागची रांग, तुम्ही आमच्या कार्यक्रमाला होतात का?? हो, मीच आधी हसते.

अपडेट: मित्राच्या ऑडिओ इंटरफेसचं (वाद्य कॉम्प्युटरला जोडायची डबी) गिटारवालं इनपुट वापरलं, पिझो काठाच्या बाजूला सरकवला. काय सांगू, परात आली! पोटातून आली! दहा सेकंद आम्ही तिघं गप्प. आणि अकराव्या सेकंदाला ती स्वतःहूनच ओरडायला लागली, वाढत वाढत कान फुटायची वेळ. फीडबॅक कॉन्टॅक्ट माइकला येत नाही असं ऐकलं होतं ना?

सोल्डरबाबा

माइकला हवा ऐकू येत नाही, पण परातीला येते ना. एवढा मोठा पत्रा स्पीकरच्या आवाजाने हलतो. स्पीकर तुमच्या पुढे आणि प्रेक्षकांकडे तोंड करून, परात घडी घातलेल्या जाड टॉवेलवर, आणि ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाका.

खर्जातला

किंवा ओरडू द्या. गेनवर (मिक्सरवरचं आवाज वाढवायचं बटण) एक हात ठेवा, दुसऱ्या हाताने पाणी कलतं करा, ओरडण्याचा सूर पण वाकेल. डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने १९६८ मध्ये याच्या उलट केलं होतं, वस्तूंना ट्रान्सड्यूसर (विजेच्या सिग्नलने वस्तू थरथरवणारा) लावून त्यांच्यातच आवाज सोडायचा, म्हणजे वस्तूच स्पीकर. तुमची परात आपणहून अर्ध्या वाटेवर पोचलीच आहे.

परातवाली

टॉवेलने काम झालं, धन्यवाद. आणि खर्जातला, पाणी कलतं केल्यावर ओरडणं खरंच वाकतं, दोन मिनिटं तेच करत बसले होते, शेजाऱ्यांनी बेल वाजवली. पान्यांच्या दोऱ्या पण सरकवल्या, एक पाना अजूनही ठप्प वाजतो, जड डोक्याचा आहे, त्याची जागा सापडली की कळवते.