बाल्कनीची जाळी: कबुतराची वेगळी, मांजराची वेगळी

मस्कतहून (घर कासारवडवली, ठाणे)

मंडळी, नमस्कार.
कासारवडवलीचा चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट सहा महिने बंद आहे. नोव्हेंबरात आई-बाबा तिथे राहायला येतील, सोबत त्यांचं मांजर. शेजाऱ्यांनी पाठवलेल्या फोटोत एसीच्या बाहेरच्या युनिटमागे कबुतराचं घरटं आणि बाल्कनीभर विष्ठेचा थर दिसतो. तीन प्रश्न आहेत. झाडझूड करायला कुणाला पाठवलं तर चालेल का? जाळी कोणती घ्यायची? आणि तीच जाळी मांजराला पुरेल का? जाळीवाला चौरस फुटाचा भाव सांगतो, बाकी काहीही विचारलं की ‘साहेब, एकदम मजबूत’.

नेरूळहून

झाडू मारायला कुणालाही पाठवू नका. कामवाल्या मावशींना तर मुळीच नको, फुप्फुसं त्यांनाही असतात. वाळलेली विष्ठा झाडली की तिची पूड हवेत उडते आणि खरा त्रास त्या पुडीचाच आहे.

यात दोन आजारांची कायम गल्लत होते. एक जंतुसंसर्ग. कबुतराच्या जुन्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी वाढते. धडधाकट माणसाला ती सहसा काही करत नाही, पण ज्यांचं अवयव प्रत्यारोपण झालंय किंवा जे बरेच दिवस स्टिरॉइड घेताहेत, त्यांच्या मेंदूच्या आवरणापर्यंत ती पोचू शकते. दुसरा आजार म्हणजे हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, आणि हा संसर्ग नव्हेच. विष्ठेतली आणि पिसांवरच्या पांढऱ्या भुकटीतली प्रथिनं श्वासातून आत जातात आणि शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच फुप्फुसावर उलटते. त्यामुळे ‘जंतुनाशक मारलं, आता काळजी नाही’ हे इथे चालत नाही. जंतू मरतात, प्रथिनं जागच्या जागी राहतात. ती ओली करून, उचलून, घराबाहेरच काढावी लागतात.

लक्षणं फसवी असतात. तीव्र प्रकारात पूड नाकात गेल्यावर चार ते आठ तासांनी ताप, कोरडा खोकला, धाप, आणि एक-दोन दिवसांत माणूस पुन्हा ठीक. घरचे ‘व्हायरल’ म्हणून सोडून देतात. संथ प्रकारात ताप येतच नाही. जिना चढताना दम लागतो, वजन उतरतं, आणि निदान होईतो फुप्फुसात व्रण धरलेले असतात. ते भरून येत नाहीत. साध्या एक्स-रेत सुरुवातीला काही दिसेलच असं नाही, छातीचा एचआरसीटी (बारकाईने बघणारा सीटी स्कॅन) आणि श्वासक्षमतेची चाचणी लागते. डॉक्टरांनी ‘घरात पक्षी आहेत का’ विचारलं की आपली माणसं ‘नाही, पाळलेले नाहीत’ म्हणतात. एसीमागचं घरटंही सांगायचं. पिसांची उशी आणि तिकडून हौसेने आणलेली पिसांची रजईसुद्धा सांगायची, कारण आजार तोच होतो.

ऐरोलीहून

साफसफाईचं सांगतो. आधी घरट्यात अंडी-पिल्लं आहेत का ते शेजाऱ्यांकडून बघून घ्या. कबूतर एका वेळी साधारण दोन अंडी घालतं. ती उबवायला अठराएक दिवस लागतात आणि पिल्लं उडायला पुढे चार-पाच आठवडे. म्हणजे अंडी आजची असतील तर जवळजवळ दोन महिने. पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत थांबा, आणि उडाली की त्याच दिवशी काम करा, कारण खायला मुबलक असलं तर मादी पहिली पिल्लं घरट्यात असतानाच पुढची अंडी घालते. ‘थोडं थांबू’ करत वर्ष जातं ते असं.

माणसाला एन९५ मास्क, डोळ्यांना बंद चष्मा, रबरी हातमोजे. सर्जिकल मास्क कडेने उघडा असतो, तो उपयोगाचा नाही. एसीचा एमसीबी (वीजपुरवठा तोडणारा खटका) पाडायचा, पंखा बंद, बाल्कनीचं दार लावून आतल्या बाजूने फटीला ओला टॉवेल. झाडांना फवारायचा दोन लिटरचा हातपंप घ्यायचा, लिटरमागे चमचाभर भांड्याचा लिक्विड साबण. फवारा बारीक आणि लांबून. जोरात धार मारली की तीच पूड उडते. वीस मिनिटं मुरू द्यायचं, मग पुट्टीच्या पातीने खरवडायचं. जाड थर वरून भिजतो आणि आत कोरडा राहतो, म्हणून एक थर निघाला की पुन्हा फवारा. सगळं दुहेरी पिशवीत गाठ मारून. पाइप लावून खाली सोडायचं नाही. तेराव्या मजल्याची बाल्कनी भरते आणि पिसं नहाणीच्या जाळीत अडकून पुढच्या पावसात पाणी घरात येतं.

सगळा मळ निघाल्यावरच ब्लीच: घरगुती ब्लीच एक भाग, पाणी नऊ भाग, दहा मिनिटं ठेवून पुसून घ्यायचं. मळावरच ओतलं तर विष्ठेतल्या अमोनियाशी मिळून घसा-डोळे जाळणारा क्लोरामाइन वायू होतो. संडास धुवायचं अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र तर कधीच नाही, त्यातून थेट क्लोरीन निघतो. एसीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांना ब्लीच लावू नका, ते त्यांना खातं. तिथे साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश, पात्यांच्या दिशेने उभा.

खारघरहून

जाळीवाल्याला भाव विचारायच्या आधी या गोष्टी विचारा.

धागा कसला? एचडीपीई (एक प्रकारचं मजबूत प्लास्टिक) किंवा नायलॉन दोन्ही चालतं, पण ऊन सोसणारा, म्हणजे यूव्ही स्टॅबिलाइज्ड हवा. साधा नायलॉन उन्हात ठिसूळ होतो. लावलेली जाळी बदलायची वेळ झाली का हे बघायला एक धागा दोन बोटांत धरून झटका द्या. सुतासारखा तुटला तर जाळी गेली. कबुतरासाठी भोक ५० मिलिमीटरचं, म्हणजे दोन इंची. ‘बारीक जाळी जास्त चांगली’ म्हणून १९ मिलिमीटरची गळ्यात मारतात. ती चिमणीची. चौदाव्या मजल्यावर तिच्यात वारा जास्त भरतो आणि हुकांवर ओढ वाढते.

जाळ्या फसतात त्या बहुतेक हुकापाशी. बाहेरच्या भिंतीवर प्लास्टरच वीस-पंचवीस मिलिमीटर असतं. एक इंची भोक पाडून लावलेला हुक म्हणजे नुसता प्लास्टरमधला हुक, पहिल्या वादळी वाऱ्याला पोपड्यासकट बाहेर. सहा मिलिमीटरच्या ड्रिलने किमान ५० मिलिमीटर खोल जा, नायलॉन प्लग घाला, वर आणि बाजूंना स्लॅब, बीम, कॉलम या काँक्रीटमध्येच. दोन हुकांत फूटभरापेक्षा जास्त अंतर नको. हुक ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसचे. ठाणे-नवी मुंबईत खाडीची खारी हवा आहे, साधा लोखंडी हुक गंजतो, फुगतो आणि प्लास्टर फोडतो, मग पावसाचं पाणी त्याच भोकातून मुरतं. मुरलेल्या भिंतीचा खर्च जाळीच्या कितीतरी पट. भोकाभोवती सिलिकॉन सीलंट भरायला सांगा, ते स्वतःहून कुणी भरत नाही. चारी कडांनी दोन मिलिमीटरची स्टीलची वायर ओवून ती ताणायची आणि जाळी वायरला बांधायची. जाळी नुसती हुकांत अडकवली की दोन हुकांच्या मधे झोळ पडतो.

मोजमाप प्रत्येक बाजूला तीन ठिकाणी घ्या, स्लॅब कुठेच सरळ नसतो. काम झाल्यावर कडेने मूठ फिरवून बघा. मूठ जिथून जाते तिथून कबूतर जातं. आत गेलेलं बाहेर येत नाही आणि बंद फ्लॅटमध्ये मरतं. त्यानंतरचं सांगायला नको.

बाकीच्या युक्त्या थोडक्यात. सीडी, आरसा, प्लास्टिकचं घुबड: चार दिवसांत ओळख होते आणि त्याच घुबडाच्या डोक्यावर बसतात. अल्ट्रासॉनिक यंत्र: कबुतराला इतक्या वरच्या पट्टीतला आवाज ऐकूच येत नाही, पैसे पाण्यात. काटे अरुंद छज्जावर ठीक, रुंद जागी त्यांच्यातच काड्या अडकवून घरटं पक्कं होतं. चिकट जेल नको. पाय आणि पिसं चिकटून पक्षी तडफडतात, आणि प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालापासून आहे. मुळात हा कड्याकपारीत राहणारा पक्षी, त्याला सपाट कंगोरा दिसला की तो कडाच वाटतो. छज्जाच्या वर ४५ अंशांहून जास्त उताराचा पत्रा बसवला तर घरटं टिकत नाही. जिथे जाळी लावता येत नाही तिथे हेच करा.

सिंगापूरहून (घर पाचपाखाडी, ठाणे)

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही पुरणार. कबुतराची जाळी बाहेरून येणाऱ्या तीनशे-साडेतीनशे ग्रॅमच्या पक्ष्याला अडवायला असते. मांजर चार किलोचं, आतून झेपावतं, नख्या अडकवून चढतं आणि धागा दाढेने चावतं. दोन इंची भोकातून पंजा खांद्यापर्यंत जातो. लहान पिल्लू असेल तर डोकंही. आणि जाळीपलीकडे कबूतर बसलेलं, म्हणजे रोज परीक्षा.

मांजरासाठी २५ मिलिमीटर भोकाची स्टेनलेस वेल्डमेश (तारा जोडून केलेली ताठ जाळी) चौकटीत बसवून घ्या, किंवा धाग्यात स्टीलची तार विणलेली मांजराची जाळी. हुक दर अर्ध्या फुटावर, आणि खालची कड कठड्याच्या आतल्या बाजूला घट्ट. बाल्कनीइतकीच खिडकीही बघा. सरकत्या खिडकीची डासांची जाळी फायबरग्लासची असते आणि रबराच्या पट्टीने खाचेत दाबलेली असते. मांजर टेकलं की अख्खी जाळी चौकटीतून सुटते. तिथे स्टेनलेसची जाळी आणि खिडकीला कुलूप.

‘मांजर कितीही उंचावरून पडो, पायांवरच पडतं’ यात अर्धं खरं आहे. हवेत ते अंग वळवून सरळ होतं, एटिएन-ज्यूल मारे यांनी १८९४ मध्ये ते छायाचित्रांत टिपलंय. न्यूयॉर्कच्या पशुरुग्णालयातला १९८७ चा अभ्यास लोक तोंडपाठ सांगतात: उंचावरून पडलेली १३२ मांजरं, उपचार झालेल्यांपैकी ९० टक्के वाचली, आणि सात मजल्यांच्या वरून पडलेल्यांना जखमा उलट कमी. कारण असं दिलं गेलं की ताशी शंभरएक किलोमीटरला वेग स्थिरावतो, मग मांजर अंग सैल सोडून पसरतं. पण यात एक मोठी फट आहे. जागीच मेलेलं मांजर दवाखान्यात कोण नेतं? ती आकडेवारीत आलीच नसणार. चौदाव्या मजल्याचा हिशेब या अभ्यासावर मांडू नका.

पडलंच तर ते चालतंय म्हणून घरी ठेवायचं नाही. छातीत हवा भरणं, तोंडातली टाळू फाटणं, मूत्राशय फुटणं ही इजा बाहेरून दिसत नाही. टॉवेलखाली पुठ्ठा सरकवून आडवंच उचला, खोक्यात ठेवा, खायला-प्यायला देऊ नका, थेट डॉक्टर. आणि दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल कधीही नाही. मांजराचं यकृत ते पचवू शकत नाही, एक गोळीही जीव घेते. आई-बाबांच्या फ्रिजवर हे एवढं तरी चिकटवून ठेवा.

वाशीहून

सोसायटीच्या बाजूने दोन शब्द. बाल्कनीच्या आतून लावलेल्या जाळीला सहसा कुणी हरकत घेत नाही, तरी बाहेरचं रूप एकसारखं ठेवायचा नियम असतो, म्हणून कमिटीला लेखी कळवून पोच घ्या. बाहेर काढलेलं बॉक्स ग्रिल वेगळी भानगड आहे, आगीच्या वेळी सुटकेची वाट बंद होते. मांजर ठेवायला सोसायटी सरसकट मनाई करू शकत नाही.

मात्र घरटी डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी ठेवलेल्या इमारतीच्या उभ्या पोकळीत असतील तर एकट्याने जाळी लावून काही होत नाही. डक्ट सामायिक जागा आहे, तिचं तोंड गच्चीवर आडव्या जाळीने बंद करणं हे सोसायटीचं काम आणि सोसायटीचा खर्च. दोरीवर उतरणाऱ्या माणसाला हार्नेस आणि विमा आहे का, हे सेक्रेटरीने विचारायचं असतं.

आणि दाणे. ऑगस्ट २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना महापालिकेने ताडपत्रीने झाकला तेव्हा केवढं रान उठलं ते सगळ्यांनी पाहिलंय. ज्यांच्यासाठी तो श्रद्धेचा भाग आहे त्यांच्याशी गेटवर भांडून हाती काही लागत नाही. एवढंच सांगता येतं की कबुतरांची संख्या दाण्यावर ठरते. दाणे रोज मिळत राहिले तर जाळ्या लावून ती फक्त शेजारच्या विंगेत सरकतात. (नेरूळच्या तलावावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला दुर्बिणी घेऊन जाणारे आम्हीच, आणि घरी परतून कबुतराला काठी दाखवणारेही आम्हीच. असो.)

मस्कतहून

सर्वांचे आभार. एक राहिलं. एसीचं युनिट जाळीच्या आत घेतलं तर सर्व्हिसिंगवाल्याचा हात पोचत नाही, पण बाहेर ठेवलं तर घरटं पुन्हा तिथेच. काय करू?

खारघरहून

आत घ्या. युनिटसमोर जाळीला खालच्या आणि एका बाजूच्या कडेने हुकाला अडकणारा उघडता भाग ठेवायला सांगा, नाहीतर मेकॅनिक पहिल्याच सर्व्हिसला ब्लेडने कापतो आणि सुतळीने बांधून जातो. मांजराची वेल्डमेश युनिटच्या अलीकडे, वेगळ्या चौकटीत. युनिटच्या पंख्यासमोर मात्र ती नको, गरम हवा अडली की कॉम्प्रेसर ट्रिप होतो. जाळी आधी, साफसफाई नंतर असा उलटा क्रम जाळीवाला सुचवेल, ऐकू नका. घरटं निघालं त्याच संध्याकाळी जाळी बसली पाहिजे, जोडी दुसऱ्या दिवशी सकाळी काड्या घेऊन हजर असते. दोघांना एकाच तारखेला बोलवा, साफसफाईवाला सकाळी आठला, जाळीवाला दुपारी तीनला. किल्ली शेजाऱ्यांकडे राहू दे, आठवड्यातून एकदा त्यांना जाळीत काही अडकलंय का एवढंच बघायला सांगा.