मदत हवी आहे: ह्यूस्टन कॉमेट्सचे पूर्ण सामने कुठे मिळतील?
मंडळी, आमच्या क्लबातल्या मुलींना दाखवायला डब्ल्यूएनबीएमधल्या (अमेरिकेतली महिलांची बास्केटबॉल लीग) ह्यूस्टन कॉमेट्सचे जुने सामने शोधतोय. यूट्यूबवर नुसते तुकडे सापडतात. १९९७ ते २००० सलग चार विजेतेपदं आणि चारही फायनल्सची सर्वोत्तम खेळाडू सिंथिया कूपर! १९९८ला तर ३०पैकी २७ सामने जिंकले. पॉइंट गार्ड (चाली रचणारी खेळाडू) किम पेरोट १९९९च्या ऑगस्टमध्ये कॅन्सरने गेली. काही आठवड्यांतच टीमने तिसरं विजेतेपद घेतलं. मला तीच फायनल हवी आहे, बाकी नंतर.

अशी टीम २००८च्या अखेरीस टीम विकत घेणारं कोणी न मिळाल्याने बंद पडते, हे काही पचत नाही. तेव्हा ह्यूस्टनला असलेल्या कोणी कॉम्पॅक सेंटरमध्ये सामने पाहिलेत का? शेवटी गर्दी ओसरली होती, की मालक बदलल्यावर बिनसलं?