मदत हवी आहे: 'वॉकर' या आडनावाला मराठीत काय म्हणू?

मंडळी, इंग्लंडमधल्या आडनावांवर एक छोटा लेख लिहितेय आणि एका शब्दावर गाडी अडली आहे.

वॉकर म्हणजे चालणारा खरा, पण फिरायला जाणारा नव्हे. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरविरीत आणि तेलकट असायचं. ते शिळ्या लघवीत भिजवून तासन् तास पायांनी तुडवायचं, म्हणजे धागे आटून एकमेकांत घट्ट बसायचे. हे तुडवणारा तो वॉकर. (वास कसा सोसत असतील, देव जाणे!) १२ व्या शतकाच्या अखेरीपासून पाणचक्कीवरचे लाकडी हातोडे हे काम करू लागले, आडनाव मात्र राहिलं.

गंमत म्हणजे या एकाच धंद्याची तीन आडनावं आहेत. उत्तरेत वॉकर, नैर्ऋत्येला डेव्हनकडे टकर, आग्नेयेला फुलर. एक्सेटरमध्ये १४७१ सालचा टकर्स हॉल अजून उभा आहे. आणि तेल शोषायला वापरायचे ती 'फुलर्स अर्थ' म्हणजे आपण चेहऱ्याला लावतो ती मुलतानी माती!

आता प्रश्न. 'धोबी' चुकीचं, 'रंगारी' तर नाहीच. घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात हे ठाऊक आहे. पण लोकर तुडवून, मळून दाट करायच्या कामाला सणगर किंवा धनगर घरांत काही खास शब्द आहे का? सोलापूर, सांगली, माणदेशाकडच्यांनी घरातल्या जुन्या माणसांना विचारून सांगा ना. नुसतं क्रियापद मिळालं तरी चालेल.