पंधरा हजारांच्या आतल्या ठोकरीसाठी विमा क्लेम करावा का?

पाना_दहा

विषय खासगी गाडीच्या किरकोळ अपघाताचा आहे. पार्किंगमध्ये खांबाला घासणं, सिग्नलला मागून बसलेला धक्का, गल्लीत रिक्षाने मोडलेला कोपरा, एवढंच. माझं मत असं की दुरुस्तीचा खर्च पंधरा हजारांच्या आत असेल तर क्लेम करू नये. गाडी ओळखीच्या डेन्टिंग-पेंटिंगवाल्याकडे द्यावी, रोख पैसे देऊन मोकळं व्हावं.

पहिलं कारण म्हणजे बिल भरल्यावर विमा कंपनी पूर्ण रक्कम देतच नाही. झिरो डेप (घसारा न कापण्याचं जादा संरक्षण) नसेल तर प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर सरळ ५० टक्के घसारा, म्हणजे झिजेपोटीची कपात, लावतात. फायबरवर ३० टक्के. काचेवर तेवढी कपात नाही. पत्र्याच्या पार्ट्सवर गाडीच्या वयाप्रमाणे कपात वाढत जाते. दुसरं कारण, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे हजार रुपये सक्तीने आपल्या खिशातून, त्यावरच्या इंजिनाला दोन हजार. तिसरं आणि सगळ्यात मोठं, नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, शून्यावर येतो. चार-पाच वर्षं जपलेला ४५-५० टक्के बोनस एका बंपरपायी घालवायचा?

शिवाय कॅशलेस (कंपनी परस्पर वर्कशॉपला पैसे देते) म्हटलं की वर्कशॉपचं इस्टिमेट फुगतं. जो बंपर प्लास्टिक वेल्डिंगने हजार-पंधराशेत सरळ होतो, त्यासमोर ‘रिप्लेस’ लिहिलेलं असतं.

हिशेबनीस

धागाकर्त्यांची कारणं खरी आहेत, पण ‘पंधरा हजार’ हा आकडा हवेतला आहे. प्रत्येकाच्या पॉलिसीप्रमाणे तो बदलतो. उदाहरण मांडूनच बघू. साडेतीन वर्षांची गाडी, १२०० सीसी, झिरो डेप नाही, सध्या ३५ टक्के बोनस. डावा पुढचा कोपरा गेला. इस्टिमेट कर धरून:

बंपर ४,८०० – घसारा ५० टक्के – मिळणार २,४००
हेडलॅम्प ७,२०० – हाही प्लास्टिकचा, घसारा ५० टक्के – मिळणार ३,६००
फेंडर (पुढच्या चाकावरचा भाग) ३,००० – पत्रा, गाडी तीन ते चार वर्षांची म्हणून २५ टक्के – मिळणार २,२५०
पेंटिंग ८,०००
मजुरी २,००० – पूर्ण मिळणार

पेंटिंगचा नियम बऱ्याच जणांना माहीत नसतो. एकत्रित बिल असेल तर त्यातला २५ टक्के भाग रंगाच्या मालाचा धरतात आणि फक्त त्या मालावर ५० टक्के कापतात. म्हणजे आठ हजारांतले दोन हजार माल, त्यातले एक हजार गेले. मिळणार ७,०००. कोणी पूर्ण पेंटिंगवर निम्मी कपात लावली असेल तर तिथेच हरकत घ्या.

बेरीज १७,२५०, त्यातून सक्तीचे हजार वजा, हातात १६,२५०. एकूण बिल २५,०००, म्हणजे खिशातून ८,७५०.

आता बोनस. तो ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या) प्रीमियमवरच मिळतो, थर्ड पार्टीच्या (दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच्या) रकमेवर नाही, हे आधी लक्षात घ्या. क्लेमविना जाणाऱ्या वर्षागणिक टक्क्यांच्या पायऱ्या २०, २५, ३५, ४५, ५०. क्लेम केला नाही तर पुढची वर्षं ४५, ५०, ५०, ५०, ५०. केला तर ०, २०, २५, ३५, ४५. दरवर्षीचा फरक ४५, ३०, २५, १५, ५. एकूण १२० टक्के. बोनसआधीचा ओन डॅमेज प्रीमियम ९,००० असेल तर नुकसान १०,८००, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १२,७४४.

१६,२५० मिळतात, १२,७४४ जातात. क्लेम करणं साडेतीन हजारांनी फायद्याचं. त्यातही गाडीची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली किंमत) दरवर्षी घटते, तिच्याबरोबर प्रीमियमही उतरतो, म्हणजे खरं नुकसान याहून कमीच. उलट याच गाडीचं बिल बारा हजारांचं असेल तर क्लेम तोट्यात जाईल. आणि छोटी गाडी, ओन डॅमेज ४,००० असेल तर बोनसचं नुकसान ५,६०० च्या आसपास. तिथे बारा हजारांचं बिलही क्लेम करण्यासारखं आहे. म्हणून सरसकट आकडा सांगणं बरोबर नाही.

घाटवळण

हिशेब छान, पण त्यात एक गृहीतक आहे: गाडी तीच राहणार. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून बोनसचं प्रमाणपत्र घेतलं तर तो तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावता येतो. नव्या गाडीचा ओन डॅमेज २८,००० असेल तर ५० टक्के बोनसचे पहिल्याच वर्षी १४,००० वाचतात, जीएसटी वेगळा. वर्षभरात गाडी बदलायची असेल तर वरच्या उदाहरणातला क्लेम करणं चूक ठरेल. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की नूतनीकरणाचा बोनसही जातो, मग क्लेम केलेला असो वा नसो.

बोनेटखाली

पैशाची बाजू झाली. माझा आक्षेप वेगळा आहे. बाहेरून बघून ‘हे दहा हजारांचं काम आहे’ असं ठरवता येतं का? मागच्या किंवा बाजूच्या नुसत्या ओरखड्याला येत असेल. समोरून बसलेल्या धक्क्याला येत नाही.

बंपर उघडल्याशिवाय आतलं दिसत नाही. प्लास्टिकचा बंपर दबून परत बाहेर येतो, वरून नुसती चीर दिसते, पण त्यामागे एसीचा कंडेन्सर असतो. त्याच्या नळ्या दुमडल्या की लगेच काही कळत नाही, दोन-तीन आठवड्यांत गॅस उतरतो आणि एसी गार करेनासा होतो. त्यामागे रेडिएटर, त्याच्या बाजूच्या टाक्या प्लास्टिकच्या. सांध्यापाशी केसाएवढी चीर गेली तरी कूलंट फक्त इंजिन तापल्यावर, दाब आल्यावर गळतो. गार गाडीखाली थेंब दिसत नाही. हेडलॅम्पची काच साबूत असते, मागचे दोन कान (तो बसवायचे टेकू) तुटलेले असतात, रात्री झोत उजवीकडे पडतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एप्रन (फेंडरमागचा आतला पत्रा) आणि त्याखालची सांगाड्याची लांब पट्टी. ती चार-पाच मिलिमीटर आत गेली तरी बोनेट आणि फेंडरमधली फट दोन्ही बाजूंना सारखी राहत नाही. मोजपट्टी लावून बघा. फट वेगळी असेल तर पुढे व्हील अलाइनमेंट बसणार नाही आणि टायर एका कडेने खाल्ला जाईल. गल्लीतल्या गॅरेजमध्ये हे साखळी लावून ओढतात. काम दिसायला नीट होतं, माप बसतंच असं नाही.

म्हणून समोरची ठोकर असेल तर आधी क्लेम नोंदवा. सर्व्हेअरने (कंपनीने नेमलेल्या, नुकसान तपासणाऱ्या माणसाने) बघितल्यावर बंपर उघडा, आत निघेल त्याचं पुरवणी इस्टिमेट लावा. सर्व्हेअर यायच्या आत उघडलं तर ‘हे नुकसान याच अपघाताचं कशावरून’ हा प्रश्न येतो, आणि तो योग्यच असतो.

पाना_दहा

समोरच्या ठोकरीबद्दल मान्य. माझा नियम बाजूच्या आणि मागच्या ओरखड्यांपुरता ठेवतो. पण इस्टिमेट फुगतं त्यावर कोणीच बोललेलं नाही. सर्व्हेअर वर्कशॉपच्या बाजूचा, असंच लोक धरून चालतात.

मोजमाप

सर्व्हेअर वर्कशॉपच्या बाजूचा असता तर इस्टिमेटमध्ये एवढ्या रेघा मारल्या गेल्या नसत्या. तो काय कापतो हे समजलं तर आपल्यालाही इस्टिमेट वाचता येईल.

एक, दुहेरी मजुरी. बंपर काढून बसवण्याची मजुरी, हेडलॅम्प काढून बसवण्याची मजुरी, फेंडर बदलण्याची मजुरी अशा तीन ओळी असतात. हेडलॅम्प आणि फेंडर काढायला बंपर उतरवावाच लागतो, तो एकदाच उतरतो. त्या ओळीत पुन्हा बंपर धरला असेल तर तो कापायला हवा.

दोन, फेंडर नवा घालणार असाल तर त्याच फेंडरची डेन्टिंग मजुरी कशी लागते?

तीन, क्लिपा, कूलंट, एसी गॅस, तेल. कन्झ्युमेबल्सचं ॲड-ऑन (अशा किरकोळ मालासाठी घेतलेलं जादा संरक्षण) नसेल तर हे सगळं आपल्या खिशातून.

चार, रंग जुळवण्यासाठी शेजारच्या दारावर मारलेला फवारा. पर्ल आणि मेटॅलिक रंगात हा बहुतेकदा खरोखर लागतो, नाहीतर उन्हात फेंडर आणि दार वेगळ्या गाड्यांचे दिसतात. सर्व्हेअर मात्र तो अनेकदा नाकारतो. इथे वर्कशॉपची बाजू घ्या, फोटोसह लिहून मागा.

दुरुस्ती की बदली, यावरच खरा वाद होतो. बंपरच्या मधल्या भागात चीर असेल तर प्लास्टिक वेल्डिंग चालतं. फेंडरच्या ब्रॅकेटला बसणारे कान तुटले असतील तर नाही, कारण वेल्ड केलेला कान खड्ड्यांच्या रस्त्यावर टिकत नाही आणि बंपर फेंडरपासून सुटून फट पडते. तेव्हा सर्व्हेअरला चीर दाखवत बसू नका, कान दाखवा. पत्र्याचंही तसंच. सपाट भागातला पोचा निघतो, पण फेंडरची धारदार रेघ मोडली असेल तर ती पुट्टी भरून उभी करावी लागते. पुट्टीचा थर दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे गेला की ऊन-पावसात तडकतो. स्वस्त दुरुस्तीत हीच लबाडी चालते. काम झाल्यावर पातळ कापडात चुंबक गुंडाळून फिरवा, जिथे पकड सैल वाटेल तिथे खाली पुट्टी आहे.

हिशेबनीस

आणि कपात पटली नाही तर? सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा, कोणती ओळ का कापली ते लेखी घ्या. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या नियमांनुसार क्लेम कळवल्यावर २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, नेमणुकीपासून १५ दिवसांत त्याचा अहवाल, आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीचा निर्णय. सर्व्हेअरचा अहवाल हा शेवटचा शब्द नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगितलं आहे. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी जा, तिथे नकार आला किंवा ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर विमा लोकपालाकडे. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही.

घाटवळण

झिरो डेपवाल्यांसाठी एवढंच: वरच्या उदाहरणात त्यांना २४,००० मिळतील, पण बऱ्याच पॉलिसींत वर्षाला दोनच असे क्लेम मिळतात. एक ओरखड्यावर खर्च केला आणि पावसाळ्यात मोठा फटका बसला तर पंचाईत. आणि कृपा करून जुना पोचा नव्या अपघातात घुसवू नका. पोच्यात धूळ बसलेली, कडेला गंज आलेला सर्व्हेअरला पहिल्या नजरेत दिसतो, आणि मग खऱ्या नुकसानीवरही संशय येतो. दोन वेगळ्या ठोकरी म्हणजे दोन क्लेम, दोनदा हजार.

बोनेटखाली

एक गोष्ट लहान ठोकरीतही मोठा खर्च करून बसते. स्पीडब्रेकरवर किंवा दगडावर खालून आदळून ऑइल संप (इंजिनाखालची ऑइलची टाकी) फुटतो. संपचा खर्च क्लेममध्ये बसतो. पण ऑइलचा दिवा लागलेला असताना गाडी ‘जवळच्या गॅरेजपर्यंत’ चालवली आणि इंजिन जाम झालं, तर इंजिनाचा क्लेम नाकारला जातो. ते पुढचं नुकसान चालवल्यामुळे झालं, अपघातामुळे नाही, असं धरतात. पाणी शिरलेल्या गाडीला स्टार्टर मारण्याचंही तेच. दिवा लागला की तिथेच बंद करा, टोइंग बोलवा.

पाना_दहा

एक शंका उरते. क्लेम नोंदवला, बंपर उघडल्यावर आत काहीच निघालं नाही, बिल नऊ हजारांवर आलं. आता बोनस वाचवायचा तर?

मोजमाप

पैसे दिले जाण्याआधी क्लेम मागे घेता येतो. वर्कशॉपला तोंडी ‘राहू दे’ म्हणून भागत नाही. क्लेम नंबर टाकून कंपनीला ईमेल करा, रक्कम न देता क्लेम बंद केल्याचं उत्तर घ्या आणि ते जपून ठेवा. बोनस साधारणपणे रक्कम दिली गेली तरच जातो, नुसत्या नोंदणीने नाही. नूतनीकरणाच्या नोटिशीत बोनसचा रकाना स्वतः तपासा. तिथे शून्य दिसलं तर हेच उत्तर जोडून पैसे भरण्याआधी दुरुस्त करून घ्या. आणि रक्कम घेतली असेल तर दुसऱ्या कंपनीत जाताना ‘क्लेम नाही’ असं लिहू नका. कंपन्या एकमेकांकडून पडताळतात, आणि मग पुढच्या मोठ्या अपघातात ओन डॅमेजचा क्लेमच अडकतो.