मदत हवी आहे: लेक पहिल्यांदाच आजोळी एकटी राहणार, रात्री रडली तर आणायला जावं का?

नमस्कार. आम्ही बोरिवलीला राहतो, माझं माहेर गिरगावात, जुन्या चाळीत. लेक साडेपाच वर्षांची. या मेच्या सुट्टीत तिनेच टूम काढली, "मी आजीकडे राहायला जाणार, तू यायचं नाहीस." येत्या शनिवारी सोडायचंय, तीन रात्रींसाठी.

दिवसाची काळजी नाही. आजोबांबरोबर चौपाटीवर जाईल, कमला नेहरू पार्कात म्हातारीच्या बुटात चढेल, शेजारच्या खोलीत तिच्याएवढी दोन पोरं आहेत. गॅलरीच्या कठड्याची एक दांडी सैल होती, ती बाबांनी सुताराकडून पक्की करून घेतली. प्रश्न रात्रीचा आहे. झोपताना तिला माझ्या जुन्या साडीची गोधडी लागते. तिचा एकच कोपरा बोटांत चोळत चोळत झोपते, तिथलं कापड पार विरलंय. गोधडी देतेच आहे. पण संडास गॅलरीच्या टोकाला, आणि रात्री तिथवर जायला ती माझा हात धरूनही घाबरते. आईचे गुडघे धरलेले, तिला किती वेळा उठवायचं?

काल वेणी घालताना लेकीने विचारलं, "आई, मी रडले तर तू न्यायला येशील?" मी पटकन "हो" म्हणून गेले. आईला सांगितलं तर ती नाराज झाली. "असं कबूल करून ठेवलंस तर पोर तुझीच वाट बघत बसेल. दहा मिनिटं रडेल आणि माझ्या कुशीत झोपेल. तुम्ही भावंडं नाही का राहिलात आजीकडे?" तिचंही खरं आहे. शिवाय रात्री दोनला फोन आला तर लोकल बंद, गाडी करूनच जावं लागेल. तरी जाईन. पण जाणं तिच्या भल्याचं आहे का, तेच कळत नाही. आणि नाही गेले तर दिलेला शब्द मोडला, हे तिच्या मनात राहील.

आणखी एक गोष्ट, जरा नाजूक. बाबांच्या डायबेटिसच्या गोळ्या टीव्हीखाली पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात असतात. त्यात ग्लिमेपिराइड आहे. लहान मुलाने एखादी गोळी गिळली तरी रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते, असं आमच्या डॉक्टरांनी बजावलंय. आणि हिला तर खोकं दिसलं की आत पेढेच असणार असं वाटतं! बाबा म्हणतात, "इतकी वर्षं तिथेच आहेत, कुणी हात लावला नाही." ते खोकं कपाटावर जायलाच हवं, पण आपल्यावर भरवसा नाही असं त्यांना वाटू नये. कसं सांगू?

तापाचं औषध मात्र मी घरचीच बाटली देणार आहे. पॅरासिटामॉलचं सिरप वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं, आईने दुकानातून दुसरंच आणलं तर मापाचा घोळ व्हायचा. किती एमएल द्यायचं तेही बाटलीवर लिहून चिकटवलंय.

ज्यांनी मुलांना असं ठेवलंय त्यांनी कृपया सांगा, "न्यायला येईन" असा शब्द दिला होता का? व्हिडिओ कॉल झोपायच्या वेळी करावा की संध्याकाळीच उरकावा? माझा आवाज ऐकून ती जास्त रडेल असं वाटतं. की पहिली रात्र मीही तिथेच राहू? शुक्रवारपर्यंत उत्तरं मिळाली तर आईशी नीट बोलता येईल.