ऑटम म्हणजे शरद का? आणि पेगनला मराठीत काय म्हणायचं?

मेथीदाणा
मी ब्रिस्टॉलजवळ राहते. आमच्या वस्तीतले काही पेगन लोक (ख्रिस्ती धर्माआधीच्या देवांना आणि निसर्गाला मानणारे) दरवर्षी २२-२३ सप्टेंबरला मागच्या टेकडीवर जमून ऑटम इक्विनॉक्स, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात तो शरदातला दिवस, साजरा करतात. यंदा त्यांनी सगळ्या शेजाऱ्यांना बोलावलंय. इथल्या मराठी घरांतल्या आजी-आजोबांसाठी निमंत्रण मराठीत करून द्यायचं मी कबूल केलं. पहिल्या खर्ड्यात 'पाखंडी लोकांचा शरदोत्सव' असं लिहिलं, कारण कोशात तोच शब्द मिळाला. बोलावणाऱ्या बाईंनी सहज विचारलं, 'आम्हाला तुमच्या भाषेत काय म्हणतात?' मला अर्थ सांगता येईना. फार लाज वाटली.
शिवाय 'शरद' म्हटलं की मला कोजागरीचं चांदणं दिसतं. इथे पानं पिवळी पडायला लागलीत आणि संध्याकाळी स्वेटर लागतो. शिशिर म्हणू का? नुसतं पानगळ?

उत्तराभाद्रपदा
शरदच. खगोलशास्त्रात या दिवसाला शरद संपात म्हणतात. क्रांतिवृत्त (सूर्याचा आकाशातला वर्षभराचा मार्ग) आणि विषुववृत्त एकमेकांना छेदतात तो संपात. दिवस म्हणून 'विषुवदिन'. काहींना यात 'विष' ऐकू येतं, तसं नाही. 'विषु' म्हणजे दोन्ही बाजूंना सारखं. वर्षभर चालणाऱ्या गवामयन या वैदिक यज्ञसत्रातल्या मधल्या दिवसाला विषुवत् म्हणत. केरळातला विषू सण याच शब्दाचा, फक्त संपात मागे सरकत गेल्यामुळे तो आता एप्रिलच्या मध्यावर येतो. इतका जुना, नेमका शब्द घरात असताना इक्विनॉक्स कशाला?

कडेपठार
शब्द नेमका आहे, पण ज्या आजींसाठी पत्रक आहे त्यांना कळेल का? माझ्या आजीच्या तोंडी शरद कधी आला नाही. ती म्हणायची, 'उत्तरा लागल्या', 'हत्तीचा पाऊस आला'. सूर्य उत्तरा नक्षत्रात साधारण १३ सप्टेंबरला जातो आणि हस्तात २७ च्या आसपास, म्हणजे मेथीदाणा यांचा दिवस उत्तरांतच येतो. 'पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा', इतकं पीक येतं. शिशिर मात्र लिहू नका. आपल्याकडे पानं माघ-फाल्गुनात गळतात, तिथे तेव्हा बर्फ असेल.
मी म्हणेन, 'सुगी' लिहा. इंग्रजीतसुद्धा ऑटम रुळण्याआधी या ऋतूला हार्वेस्टच म्हणत. जर्मनांचा हेर्ब्स्ट त्याच घराण्यातला. पीक घरी येतं तो ऋतू.

बेळगावचा
आमच्याकडे कन्नडात सुग्गी. पण दादा, सुगी ऋतू कसा होईल? खरिपाची वेगळी, रब्बीची वेगळी. आमची जोंधळ्याची सुगी माघात येते. नुसतं सुगी म्हटलं तर माझी आई फेब्रुवारी समजेल.

सातेरी
ती म्हण आमच्या घरी उलटीकडून म्हणत: 'न पडतील उत्तरा तर भात मिळेना पितरा'. पितृपक्ष याच सुमाराला असतो, म्हणून मला हेच रूप जुनं वाटतं.

कडेपठार
दोन्ही रूपं चालतात. पण कुत्र्याचं आधीचं असणार. शेतकरी आधी पिकाकडे बघतो.

तळटीप
पेगनबद्दल कुणीच बोलत नाही, म्हणून लिहितो. 'पाखंडी' आज शिवी आहे, पण मुळात नव्हती. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात 'पासंड' म्हणजे नुसता पंथ, आणि सगळ्या पासंडांचा मान राखावा असं तो सांगतो. लॅटिन 'पागानुस' म्हणजे खेड्यातला माणूस. शहरं ख्रिस्ती झाली, खेडी जुन्या देवांना धरून राहिली, असं त्याचं एक प्रचलित स्पष्टीकरण. म्हणजे दोन्ही साध्या शब्दांची शिवी झाली.

बेळगावचा
पासंड आणि पागान एकच शब्द नसेल कशावरून? ध्वनी किती जवळचा आहे!

तळटीप
नाही. लॅटिन शब्द 'पागुस' म्हणजे खेड्यांचा टापू, त्यावरून आला. जुळतो तो फक्त कानाला.

उत्तराभाद्रपदा
मग 'निसर्गपूजक' लिहावं. 'मूर्तिपूजक' नको, त्यांच्यातले कित्येकजण मूर्ती ठेवत नाहीत.

मेथीदाणा
त्या स्वतःला अभिमानाने पेगनच म्हणवतात. त्यांचं नाव मी का बदलू? आपण 'ख्रिस्ती' लिहितो तेव्हा त्याचं भाषांतर करतो का? पत्रकात 'मेबन' असंही नाव आहे, फार प्राचीन सण म्हणून. ते तसंच ठेवते.

तळटीप
सण ठेवा, 'प्राचीन' काढा. मेबन हा वेल्श कथांतला मोद्रोनचा मुलगा, आईपासून लहानपणीच हिरावून नेलेला. त्याचं नाव या दिवसाला दिलं १९७० च्या दशकात एडन केली या अमेरिकन माणसाने. आजचे ड्रुइड (पेगनांतलाच एक पंथ) याच दिवसाला आल्बन एल्वेद म्हणतात. लोक श्रद्धेने करतात तो सण खराच, पण नावाचं वय खरं लिहावं.

मेथीदाणा
हे कळलं ते बरं झालं, बाईंनाही विचारते. आता एकच उरलं. मांडणीत सफरचंदं, ब्लॅकबेरी, ताजा पाव आणि 'कॉर्न डॉली' असते. 'मक्याची बाहुली' बरोबर ना?

सातेरी
मका नव्हे! इंग्लंडात कॉर्न म्हणजे गहू, बार्ली, जे काही धान्य असेल ते. शेवटच्या पेंढीची ही बाहुली पुढच्या पेरणीपर्यंत जपायची पद्धत होती. वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्या कोकणात दाराला 'नवं' बांधतात: भाताची लोंबी, आंब्याचं पान, कुरडूचं फूल. तुमच्या आजी-आजोबांना 'त्यांचं नवं' एवढं म्हटलं तरी पुरे. गोव्यात राय गावी ५ ऑगस्टला कणसाचं फेस्त होतं, तिथे चर्चमध्ये नव्या भाताची कणसं आशीर्वादाला नेतात.

कडेपठार
भाताला कणीस? कणीस जोंधळ्याचं, बाजरीचं, मक्याचं. गव्हाची ओंबी, भाताची लोंबी.

सातेरी
गोव्यात भाताचंच कणस. शेकडो घरं म्हणतात ती चूक कशी?

उत्तराभाद्रपदा
कोकणीत असेल, मराठीत भेद पाळावा. ओंबी आणि लोंबी यांचं मूळही वेगळं असणार, 'लोंबी' लोंबण्यावरून.

मेथीदाणा
पत्रक शुक्रवारी छापायचंय. वरच्या ओळीत अजून 'ऑटम' आहे. 'गव्हाच्या ओंब्यांची बाहुली' पक्कं धरू?

बेळगावचा
गव्हाला ओंबी बरोबर. पण भाताला आमच्याकडे लोंब म्हणतात, लोंबी नाही.