मदत हवी आहे : पाळक होऊ घातलेल्या भाच्याशी बोलायचं कसं?

जय ख्रिस्त मंडळी. माझा भाचा पाळकीय शिक्षणाच्या (म्हणजे चर्चचा धर्मगुरू होण्याच्या) तिसऱ्या वर्षाला आहे. नाताळच्या सुट्टीत भायखळ्याला घरी आला होता. संध्याकाळच्या प्रार्थनेत ताईने त्याला वाचायला सांगितलं, तर हा पवित्र शास्त्र उघडून म्हणतो, "आई, 'अनुवाद' हे पुस्तक मोशेने लिहिलं म्हणतात, पण त्या पुस्तकाच्या 34 व्या अध्यायात मोशेचा मृत्यू आणि दफन आहे. ते त्याने स्वतः कसं लिहिलं?" मग यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 40 व्या अध्यायापासूनचा भाग त्याच्या बऱ्याच नंतरच्या, यहुदी लोकांच्या बाबेलमधल्या बंदिवासाच्या काळातला असल्याचं बरेच अभ्यासक मानतात, हेही सांगितलं. ताईचा चहा तसाच गार झाला.

रात्री गॅलरीत मला म्हणाला, "मामा, देवावरचा विश्वास गेलेला नाही. पण लहानपणी शिकवलेलं पुलपिटावरून जसंच्या तसं सांगू शकेन असं वाटत नाही." मला हे प्रामाणिक वाटलं. ताईला मात्र कॉलेजने पोरगा बिघडवला असंच वाटतं.

मी त्याला ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं सांगितलं. 1895 साली इथेच मुंबईत बाप्तिस्मा, आणि 1917 मध्ये मिशन सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र मेळा. (त्याला ते माहीत होतंच, म्हणा!)

इथे कुणी पाळक किंवा माजी विद्यार्थी आहेत का, जे यातून गेलेत? पाळकपदाच्या दीक्षेआधी हे कुणाशी बोललात? आणि ताईला समजेल असं मराठीत काही वाचायला आहे का? उपदेश नको, ते आमच्या बिल्डिंगमध्ये भरपूर मिळतात.